साळवे मावशींचं बोट

साळवे मावशींशी बोलताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं, उजव्या हाताकडे बघू नये. बघितलं की माणूस अडखळतो. तुम्ही तोंड उघडलं की मावशींची तर्जनी आपोआप चालायला लागते. समोर टेबल असेल तर टेबलावर, नसेल तर स्वतःच्या गुडघ्यावर, शहर बसमध्ये असतील तर पुढच्या सीटच्या पाठीवर. बारीक आकडे, तिरप्या रेघा, मध्येच एखादं टिंब. तुम्ही थांबलात की बोट थांबतं आणि भुवई वर जाते.

"हं, पुढं?"

मावशी सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेल्या मराठी लघुलेखिका. साहेबांनी बोलायचं, मावशींनी लघुलिपीत उतरवून घ्यायचं, मग टाइप करून सहीला ठेवायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीच्या दिवशी वही आणि पेन्सिल कार्यालयात जमा झाली. बोट मात्र त्या घरी घेऊन आल्या.

माझी त्यांची ओळख भाडेकरू म्हणून झाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गावी बिडकीनला शाळा, मग शहरात बी.एस्सी., बी.एड., आणि मग छावणीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी. भावसिंगपुऱ्यात खोली शोधत फिरत होतो तेव्हा मावशींच्या ओट्यावर पोचलो. "भाडं वेळेवर देईन, गोंधळ करणार नाही, मला आवाजाचा त्रास होत नाही," असं जे सुचेल ते बोलत सुटलो. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि फरशीवर बोट चालत होतं. मला वाटलं, बाईंना कसला तरी आजार असावा.

आजार नव्हता, हे मला काही महिन्यांनी कळलं. सकाळी सकाळी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांबद्दल मी हळूच तक्रार केली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "सर, खोली बघायला आलात त्या दिवशी तुमचे शब्द होते, 'मला आवाजाचा त्रास होत नाही.' आता बदल करायचा असंल तर सांगा. दुरुस्ती करून घेते."

दुरुस्ती कशात करणार होत्या, देव जाणे. पण मी तक्रार मागे घेतली. शिवाय या शहरात मला सगळ्यात आधी 'सर' म्हणणारं माणूस म्हणजे मावशी. शाळेत रुजू व्हायच्या आधीपासून म्हणायच्या. त्या एका शब्दासाठी मी आणखी बऱ्याच शिट्ट्या सहन केल्या असत्या.

मावशी लग्नाला गेल्या की मंगलाष्टकं उतरवून घेतात. शोकसभेला गेल्या की भाषणं. घरी आल्यावर चहा पिताना म्हणतात, "ते अध्यक्ष लई वेळ बोलले, पण वाक्यं दोनच होती. तीच फिरवून फिरवून." मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन रविवारी येतो. मावशी फोन स्पीकरवर ठेवतात आणि बोट टेबलावर. "जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो." मी एकदा जवळच होतो. मुलाचं 'ठेवतो' यायच्या आधीच मावशींचं बोट ते लिहून मोकळं झालं होतं.

कामाबद्दलचं त्यांचं तत्त्व एकच. "बोलला ते लिहायचं. शहाणपणा साहेबाचा, हात आपला." साहेब चुकीचं बोलले तर? "चुकीचं लिहायचं. वाचून दाखवायचं. त्यांनीच म्हणायचं, अरे हे चुकलं." आणि आपल्या कामाची थोरवी सांगताना त्या एक गोष्ट हमखास सांगतात. एक मोठे साहेब डिक्टेशन देता देता फोनवर बोलत उठले, दिवा-पंखा बंद केला आणि बाहेरून दाराला कडी लावून घरी गेले. मावशी आत खुर्चीवर. शिपाई झाडायला आला तेव्हा सुटका झाली. "इतकं शांत बसता आलं पाहिजे स्टेनोला," असं म्हणून त्या हसतात. मीही दरवेळी हसायचो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी संजूभाऊ रिक्षावाले राहतात. त्यांची मुलगी भाग्यश्री माझ्या वर्गात, दहावीला. ही मुलगी म्हणजे एक कोडंच. वर्गात प्रश्न विचारला की बाकीच्यांच्या आधी उत्तर देणार, तेही उदाहरणासकट. आणि तीच वही दाखवायला आली की दोन ओळी, त्याही खोडून खोडून काळ्या. वाचायला उभी केली की बोट ओळीवर ठेवूनही खालच्या ओळीत घसरणार, मग घाम, मग गप्प. घरी म्हणायचे कामचुकार, शाळेत म्हणायचे लक्ष नाही. नववीत ती कशीबशी वर ढकलली गेली होती. संजूभाऊंनी जूनमध्येच मला सांगून टाकलं होतं, "सर, दहावी निघाली तर ठीक. नायतर गुलमंडीत साडीच्या दुकानात बोलून ठेवलंय. शिकून तरी काय, पोरीचा हातच चालत नाय."

एके संध्याकाळी भाग्यश्री ओट्यावर बसून मला विचारत होती, आरशात उजवं डावं होतं तर वरचं खाली का होत नाही. विचारता विचारता स्वतःच आरसा, प्रकाश, किरण असं सगळं मांडत गेली. मावशी भाजी निवडत होत्या. मेथीची जुडी बाजूला पडली आणि बोट परातीच्या कडेवर धावायला लागलं. पोरगी थांबली तेव्हा मावशी माझ्याकडे वळल्या.

"सर, ही पोरगी डिक्टेशन देते."

"म्हणजे?"

"एकही वाक्य अर्धं सोडलं नाय तिनं. माझ्या साहेबांपैकी लई थोड्यांना हे जमायचं. आणि तुम्ही हिला लिहायला लावता?"

मी त्यांना सांगितलं, की याला डिस्लेक्सिया म्हणतात, निदान मला तरी तसंच वाटतंय. बुद्धी चांगली असते, पण अक्षरं वाचताना आणि लिहिताना मेंदूला फार कष्ट पडतात. अशा मुलांसाठी कायद्यात सवलत आहे. सरकारी दवाखान्यातून तपासणी करून प्रमाणपत्र घ्यायचं, शाळेनं बोर्डाकडे प्रस्ताव पाठवायचा, मग परीक्षेत लेखनिक मिळतो. मुलानं सांगायचं, खालच्या वर्गातल्या लेखनिकानं लिहायचं. तासामागं वीस मिनिटं जास्तीचीही मिळतात.

मावशींचं बोट बराच वेळ चाललं. मग त्या म्हणाल्या, "सवलत नका म्हणू. सवलत साडीच्या दुकानात देतात. कायद्यात आहे ना? मग ती तरतूद. मेहरबानी नाय, तरतूद."

त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या गल्लीत इतक्यांदा ऐकू आलं, की दूधवाल्यालाही पाठ झालं.

सगळ्यात आधी संजूभाऊ अडले. "मावशी, पोरीला वेडी ठरवू नका. उद्या स्थळं यायची."

"वेडी कोण म्हणलं? तिचं डोकं साहेबाचं आहे, स्टेनोचं नाय. साहेबाला कुणी वेडा म्हणतं का?"

 संजूभाऊ रिक्षा काढून गेले, पण तपासणीच्या पहिल्या तारखेला रिक्षा आपण होऊन मावशींच्या दारात उभी होती.

प्रमाणपत्र काही एका खेपेत मिळालं नाही. आज डॉक्टर नाहीत, उद्या या, हा कागद राहिला, त्या खिडकीवर जा. मी शाळेमुळे रोज जाऊ शकत नव्हतो. मावशी जायच्या. भांडायच्या नाहीत, आवाजही चढवायच्या नाहीत. खिडकीसमोरच्या बाकड्यावर बसायच्या आणि आतला बाबू जे जे बोलेल ते पर्सवर बोटानं उतरवायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या बाबूनं मला बाजूला घेतलं.

"सर, त्या बाई काय लिहितात हो?"

"काही नाही. कागदच कुठाय त्यांच्याकडे?"

"तेच म्हणतो ना. कागद नाय, पेन नाय. पण मी काल काय बोललो ते शब्दाला शब्द म्हणून दाखवलं त्यांनी. मी तर चहावाल्याशी बोलत होतो."

त्यानंतर तो बाबू मावशी दिसल्या की एकदम शुद्ध मराठीत बोलायला लागायचा. प्रमाणपत्र आलं. त्यावर 'अध्ययन अक्षमता' असे शब्द होते. भाग्यश्रीनं मला ते वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं, आणि विचारलं, "म्हणजे सर, मी आळशी नव्हते?" मी म्हणालो, "नव्हतीस."  ती कागद घेऊन आईला दाखवायला पळाली.

आता शाळा. आमचे हेडसर वाईट माणूस नाहीत. फक्त त्यांना कॉपीची धास्ती आहे. परीक्षा केंद्रावर भरारी पथक आलं आणि कुणी खोकलं, तरी त्यांना वाटतं खुणा चालल्यात. ते म्हणाले, "एका खोलीत दोन पोरी बोलत बसणार, एक सांगणार, एक लिहिणार. आणि लेखनिक कोण? नववीतली सानिया शेख? ती तर पहिल्या नंबरात असते. मग पेपर नेमका कुणाचा, हे मी पथकाला काय सांगू?" शेवटी असं ठरलं, की सहामाहीला करून बघायचं. नीट पार पडलं तर बोर्डाच्या प्रस्तावावर सही.

मावशींनी सानियाची शिकवणी लगेच सुरू केली. गच्चीवर सतरंजी, सानिया वही घेऊन, मावशी समोर.

"लिही. महाराष्ट्राची राजधानी बिडकीन आहे."

सानिया हसली आणि मुंबई लिहिलं.

"खोड."

"मावशी, पण बिडकीन गलत आहे ना."

"ते तुला कुणी विचारलं? बोलला ते लिहायचं. शहाणपणा तिचा, हात तुझा. तू एक शब्द सुधारलास ना, की तो पेपर भाग्यश्रीचा राहत नाय. मग हेडसर म्हणतात तेच खरं होतं. लिही, सूर्य छावणीत उगवतो."

पुढचे काही आठवडे आमच्या गच्चीवर भूगोलाचे आणि इतिहासाचे असे हाल झाले, की सांगता सोय नाही. पण सानिया तयार झाली. कितीही चुकीचं बोला, तिच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. मावशी मला अभिमानानं म्हणाल्या, "आता तिला काहीही सांगा. सगळं उतरवते."

सहामाहीचा विज्ञानाचा पेपर तपासायला मीच होतो. स्टाफरूममध्ये गठ्ठा सोडला, भाग्यश्रीचा पेपर वर घेतला. सानियाचं अक्षर मोत्यासारखं. मी वाचायला लागलो.

'लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही लागलं की गंज चढतो. थांब जरा. तो रोखायला लोखंडावर जस्ताचा पातळ थर देतात. त्याला गॅल्व्हनायझिंग म्हणतात. आमच्या रिक्षाच्या मडगार्डला दिला नव्हता म्हणून ते सडलं, पप्पा दुकानदाराला लई बोलले. हे लिहू नको. अगं, हे लिहू नको म्हणते ना. लिहिलंस का? बरं राहू दे. पुढचा प्रश्न वाच.'

मी आधी हसलो. मग दुसरं पान उलटलं आणि हसू गेलं. सगळा पेपर असाच. बाहेर कुल्फीची घंटा वाजली तर तीही उत्तरात होती. हे बोर्डाच्या पेपरात गेलं असतं तर? तोवर हेडसर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, पानभर वाचलं आणि म्हणाले, "ही चेष्टा आहे. प्रस्ताव जाणार नाही. त्या मावशींना उद्या बोलवा."

दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत आम्ही सगळे. संजूभाऊ दाराशी, भाग्यश्री त्यांच्या मागे, सानिया रडवेली. तिला विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं. "सर, मावशी बोले थे, बोली सो लिखनेका, दिमाग नई लगानेका. मैं नई लगाई."

मावशी खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. हेडसर बोलत होते आणि टेबलाच्या कडेवर बोट चालत होतं. ते संपल्यावर मावशी म्हणाल्या, "चूक माझी आहे. पोरीची नाय. साहेब डिक्टेशन देताना शिपायाला चहा सांगायचे, ते मी कधी लिहिलं नाय. काय वगळायचं ते हाताला आपोआप कळायचं. हिला लिहायला शिकवलं, वगळायला शिकवायचं राहून गेलं."

"मावशी, तुमचं सगळं मान्य. पण मला धोका घेता येत नाही. संजूभाऊ, तुम्ही समजून घ्या."

संजूभाऊंनी मान हलवली. त्यांची मान साडीच्या दुकानाच्या दिशेनं हलली, असं मला वाटलं. भाग्यश्री खाली बघत होती.

मावशी उठल्या नाहीत. "साहेब," त्या म्हणाल्या. हेडसरांना त्यांनी साहेब म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "डिक्टेशन पुरं झालं की वाचून दाखवायची पद्धत आहे. तुम्ही एकच पान वाचलंत. सर, पुढचं वाचा."

मी पेपर उघडला. प्रश्न दृष्टिदोषाचा होता. मी मोठ्यानं वाचायला लागलो आणि अर्ध्या वाक्यात माझ्या लक्षात आलं की आपण कुठं चाललोय. पण मावशी म्हणाल्या, "हं, पुढं?" मग वाचणं भाग होतं.

'दूरदृष्टिता म्हणजे लांबचं नीट दिसतं पण जवळचं दिसत नाही. प्रतिमा डोळ्याच्या पडद्याच्या मागे तयार होते. त्याला बहिर्वक्र भिंगाचा चष्मा देतात. आपल्या हेडसरांचा आहे बघ तसला, म्हणून त्यांचे डोळे मोठे मोठे दिसतात घुबडासारखे. सानिया, घुबड लिहू नको हं.'

 हेडसरांनी चष्मा काढला. तो हातात धरून समोरच्या रजिस्टरवर वरखाली केला. अक्षरं खरंच मोठी दिसत असावीत. मग ते मला म्हणाले, "हे उत्तर बरोबर आहे?"

"पूर्ण बरोबर, सर."

"आणि हे चष्म्याचं तुम्ही वर्गात सांगितलं?"

"मी भिंगं शिकवली. चष्म्याचं तिचं तिनं ओळखलं."

हेडसर सानियाकडे वळले. "काय गं, दूरदृष्टितेचं भिंग कुठलं?"

"मालूम नई सर. वो दसवीं में रहता."

मावशी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही विचारत होता, पेपर कुणाचा. घुबड लिहू नको सांगूनबी जिनं घुबड लिहिलं, ती पोरगी मनानं उत्तर लिहील का? आता सही करा. मेहरबानी म्हणून नको. तरतूद म्हणून करा."

हेडसरांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि सही केली. प्रस्ताव माझ्याकडे सरकवताना म्हणाले, "पण ते घुबड तेवढं बंद करा."

मग गच्चीवर नवी शिकवणी. मावशींनी नियम काढला, की भाग्यश्रीनं उत्तर सांगताना तळहात बाकावर ठेवायचा. हात बाकावर असेल तर ते पेपरासाठी, हात उचलला की ते सानियासाठी. भाग्यश्रीला हात ठेवायची सवय लागेना, कारण तिला बोलताना हातवारे लागतात. त्यावर मावशी तिच्या हातावर वरवंटा ठेवायच्या. बोर्डाची मंजुरी आली त्या दिवशी संजूभाऊंनी गल्लीत पेढे वाटले. निकाल लागायला अजून सहा महिने होते. कुणी तसं म्हणालं, तर म्हणाले, "हे पेढे निकालाचे नायत. हे तरतुदीचे."

मार्चमध्ये परीक्षा झाली. प्रत्येक पेपरला मावशी केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसलेल्या असायच्या. बाकीची मुलं बाहेर पडायची, आयाबाया त्यांना घेऊन जायच्या, रस्ता रिकामा व्हायचा. मग भाग्यश्रीची जास्तीची वेळ चालू व्हायची. पहिल्या दिवशी पर्यवेक्षकांनी वेळ संपली म्हणून पेपर मागितला होता. तेव्हा भाग्यश्रीनं तळहात बाकावर ठेवूनच सांगितलं, "मेहरबानी नाही सर, तरतूद आहे." सानिया ते लिहायला लागली होती, पण वेळेवर थांबली, असं दोघींनी मला शपथेवर सांगितलं.

शेवटच्या पेपरला मी रजा काढून गेलो. पेपर सुटल्यावर सगळे संजूभाऊंच्या रिक्षातून घरी निघालो. मी पुढं त्यांच्या शेजारी अर्धा बसलो होतो, मागे दोन्ही पोरींच्या मध्ये मावशी. भाग्यश्री बोलत सुटली होती. पेपर सोपा होता, पर्यवेक्षकांच्या चपला कशा करकरत होत्या, अकरावीला ती सायन्स घेणार, सानियाच्या दहावीला आता ती तिला शिकवणार. मग आवाज जरा खाली आला. "मावशी, खरं सांगू का? आत बसल्यावर भीती वाटली की मी तुम्हाला आठवायचे, बाहेर बसल्यात म्हणून. उन्हात तुमचं डोकं दुखतं ना? मी आईला सांगितलं होतं, तुम्हाला ताक पाठव म्हणून. पाठवलं होतं का?"

मी सवयीनं आरशात बघितलं. संजूभाऊंच्या आरशात मावशींचा हात दिसत होता. गुडघ्यावर, उघडा. बोट हलत नव्हतं.

मला वाटलं, थकल्या असतील. पोरगी छावणीपासून भावसिंगपुऱ्यापर्यंत बोलत राहिली आणि तो हात तसाच होता. दारात उतरल्यावर, रिक्षा वळून गेल्यावर, मी विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का? आज बोट थांबलं होतं."

मावशींनी हात वर करून बोटाकडे बघितलं. त्यांनाही ते आत्ताच कळलं असावं.

"लिहायचं कशाला, सर," त्या म्हणाल्या. "ते मला सांगत होती ती."

मग त्यांनी फाटकाची कडी काढली, आत गेल्या, आणि कडी लावायचं विसरल्या.